परदेशात अनोळखी माणसाचे छायाचित्र: विचारून काढावे की न विचारता?

सह्यवारा

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे हौसेने छायाचित्रण करतो. सुरुवात गडकिल्ले आणि पावसाळी घाटांपासून झाली. निवृत्तीनंतर पत्नीसह परदेशी फिरू लागलो, तसे मन डोंगरांपेक्षा माणसांकडे अधिक ओढ घेऊ लागले. दीड वर्षापासून एक प्रश्न मला सोडत नाही, तो येथे सविस्तर मांडतो.

मोरोक्कोतील फेस शहराच्या जुन्या भागात सफ्फारीन नावाचा चौक आहे. तेथे तांबट बसतात. पुण्याच्या तांबट आळीत ठोक्यांचा नाद गल्लीच्या तोंडाशीच कानावर पडतो, तसाच तो तेथेही पडतो, आणि त्यामुळे त्या परक्या शहरातला तो चौक मला लगेच ओळखीचा वाटला. चौकाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून मी दूरचे जवळ आणणाऱ्या ७०-२०० मिलिमीटरच्या लेन्सने एका वृद्ध कारागिराची सात-आठ छायाचित्रे काढली. अखेरच्या वेळी त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिले, हातोडी खाली ठेवली आणि एक शब्दही न बोलता तो पाठ फिरवून बसला. तो रागावला असता तर मी क्षमा मागितली असती. पण फिरवलेल्या पाठीशी काय बोलावे हे मला सुचले नाही आणि मी तसाच निघून आलो. ती छायाचित्रे माझ्या आजवरच्या उत्तम कामात मोडतील, तरीही ती मी अद्याप कोणाला दाखवलेली नाहीत.

त्यानंतर मोरोक्कोतल्याच शेफशावेन येथे मी ठरवून प्रत्येकाची परवानगी मागितली. ज्यांनी नकार दिला त्यांचा मान राखला. ज्यांनी होकार दिला ते सगळे ताठ उभे राहिले, हात मांड्यांना चिकटवून लेन्सकडे एकटक पाहू लागले. जे पाहून माझी पावले थांबली होती, ते विचारताक्षणी नाहीसे झाले होते.

येत्या नोव्हेंबरात आम्ही पंधरा दिवस जपानला जात आहोत आणि पुढील वर्षी इस्तंबूलचा विचार आहे. न विचारता काढले तर मनाला लागून राहते आणि विचारले तर छायाचित्र हातचे जाते, अशी माझी अवस्था आहे. आपण प्रत्यक्षात काय करता, कोठे उभे राहता, काय बोलता आणि कायदा याविषयी काय सांगतो, हे अनुभवी मंडळींनी तपशिलाने सांगावे, ही विनंती.

स्प्रेकाठ

मी नऊ वर्षांपासून बर्लिनमध्ये राहतो. आपल्या प्रश्नातील कायद्याचा भाग आधी घेतो, कारण ‘सार्वजनिक जागी कोणाचेही छायाचित्र काढता येते’ हे जे सरसकट सांगितले जाते, ते अनेक देशांत खरे नाही. छायाचित्र काढणे आणि ते प्रसिद्ध करणे या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि बहुतेक देशांचा कायदा त्यांपैकी दुसरीवर अधिक कडक आहे.

जर्मनीत यासंबंधीचा मूळ कायदा १९०७ चा आहे. त्यामागची घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे: १८९८ मध्ये जर्मनीचे माजी चॅन्सेलर बिस्मार्क यांचे निधन झाले, तेव्हा दोन छायाचित्रकारांनी रात्री चोरून त्यांच्या खोलीत शिरून मृतदेहाचे छायाचित्र घेतले. त्या प्रकरणाने जो क्षोभ उसळला त्यातून पुढे हा कायदा आला, आणि माणसाचे चित्र त्याच्या संमतीविना प्रसारित करू नये हे तत्त्व त्यात लिहिले गेले. गर्दी, मिरवणूक, देखाव्यात ओघाने आलेली माणसे आणि कलेचे विशेष प्रयोजन असे अपवाद आहेत. २०१८ मध्ये येथील घटनात्मक न्यायालयासमोर बर्लिनच्या रस्त्यावरील एका स्त्रीच्या छायाचित्राचे प्रकरण आले. असे छायाचित्रण ही कला आहे आणि तिला घटनेचे संरक्षण आहे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु ते छायाचित्र वर्दळीच्या रस्त्यावर मोठ्या फलकावर लावले गेले होते, त्यामुळे त्या स्त्रीच्या बाजूने लागलेला निकाल त्याने बदलला नाही.

इतर देशांत चित्र याहून वेगळे आहे. हंगेरीच्या २०१४ पासूनच्या नागरी संहितेत प्रसिद्धीसाठीच नव्हे, तर छायाचित्र काढण्यासाठीही संमती लागते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्वेबेकमधील एका सतरा वर्षांच्या मुलीच्या बाजूने निकाल दिला. ती एका इमारतीच्या पायरीवर बसलेली असताना काढलेले छायाचित्र न विचारता मासिकात छापले गेले होते, आणि तिला २,००० डॉलर भरपाई मिळाली. न्यूयॉर्कमध्ये मात्र २००६ मध्ये याच्या उलट घडले. टाइम्स स्क्वेअरमधून जाणाऱ्यांची लपवलेल्या दिव्यांच्या साहाय्याने छायाचित्रे काढणाऱ्या फिलिप-लोर्का डिकॉर्सिया यांच्याविरुद्धचा दावा तेथील न्यायालयाने फेटाळला. संयुक्त अरब अमिरातीत संमतीविना कोणाचे छायाचित्र काढणे हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो, हे दुबईमार्गे प्रवास करणाऱ्या आपल्या लोकांनी विसरू नये.

इतके सांगूनही माझे मत असे आहे की, आपल्याला त्या तांबटाच्या बाबतीत जे वाटले त्याचे उत्तर कोणत्याही देशाच्या कायद्यात सापडणार नाही.

तिसरा_प्रहर

मी गेल्या सहा वर्षांत चार वेळा इस्तंबूलला गेले आहे आणि तेथील बहुतेक दिवस एकाच जागी, गलाता पुलावर, घालवले आहेत. आपण पुढील वर्षी जाणार आहात म्हणून तोच अनुभव सविस्तर सांगते.

या पुलाच्या वरच्या मजल्यावर दोन्ही कठड्यांना लागून दिवसभर गळ टाकणाऱ्यांच्या रांगा असतात. खाली हॉटेले, वर ट्राम आणि मोटारी, एका बाजूला एमिनोन्यू आणि दुसऱ्या बाजूला काराकोय. शेजारी पाण्याने भरलेली प्लास्टिकची बादली किंवा बरणी, तीत बोटाएवढे चंदेरी मासे, आणि मधूनमधून चहावाला फिरत असतो. पहिल्या वेळी मीही आपल्याप्रमाणेच दूर राहून, लांब लेन्सने सुरुवात केली होती. छायाचित्रे आली, पण ती सगळी कोणीतरी कोणावर तरी पाळत ठेवल्यासारखी दिसत होती. लांब लेन्समुळे आपण दिसत नाही, हा आपला समज असतो. समोरच्याला आपण व्यवस्थित दिसत असतो, आणि आपण त्याच्यापासून अंतर राखून आहोत हेही दिसत असते. आपल्या तांबटाने पाठ फिरवली ती छायाचित्रामुळे की त्या अंतरामुळे, याचा आपण विचार करावा असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या खेपेस मी फक्त ३५ मिलिमीटरची लेन्स नेली, जिच्यासाठी माणसाच्या जवळ जावेच लागते. सकाळी सातला पुलावर जायचे, कॅमेरा गळ्यात उघडा ठेवायचा, पण पहिला अर्धा तास तो उचलायचा नाही. तुर्की भाषेत काम करत असलेल्या माणसाला ‘कोलाय गेल्सिन’ असे म्हणण्याची रीत आहे; ‘तुमचे काम सोपे होवो’ असा त्याचा अर्थ. आपल्याकडे शेतात राबणाऱ्याला येताजाता ‘राम राम’ घालतात, त्या जागचा हा शब्द आहे. ही दोन पदे उच्चारली की मान वळते, उत्तर येते, बहुधा कोठून आलात अशी विचारपूसही होते. त्यानंतर मी कठड्याला टेकून उभी राहते आणि पाण्याकडे पाहते. छायाचित्राची परवानगी मागण्याआधी मी तेथे उभे राहण्याची परवानगी मागितलेली असते, आणि ती मिळाली की पुढचे पुष्कळसे आपोआप जुळते. माणूस पुन्हा आपल्या गळाकडे वळतो. मी कॅमेरा उचलते तेव्हा त्याला ते दिसते. नको असेल तर तो मान हलवतो, आणि मग मी खरोखरच काढत नाही.

आता ताठ उभे राहण्याविषयी. आपल्याला शेफशावेनमध्ये जे दिसले ते सगळ्यांनाच दिसते, आणि मी त्याला अडचण मानणे सोडले आहे. माणूस सावरून उभा राहतो तेव्हा त्याला आपण कसे दिसावे असे वाटते ते तो दाखवत असतो. ते छायाचित्र मी मनापासून काढते, घाईने उरकत नाही, आणि त्याला पडद्यावर दाखवते. त्यानंतर बहुतेक जण आभार मानून निघून जातात, तेथेच चूक होते. मी निघत नाही. पाहून झाले की माणूस श्वास सोडतो, खांदे उतरतात, शेजाऱ्याला काहीतरी सांगतो, गळाला आमिष लावायला घेतो. माझी जी काही बरी छायाचित्रे आहेत ती या दुसऱ्या मिनिटातील आहेत. आपल्या कारागिराच्या बाबतीत तर आणखी सोपी वाट होती: तो काय घडवत आहे, किती दिवस लागतात, हे खुणांनी विचारले असते तर त्याने ते हातात घेऊन दाखवले असते. काम करणारे हात ताठ उभे राहू शकत नाहीत.

ज्यांनी हे शहर आयुष्यभर टिपले ते आरा ग्युलेर (१९२८–२०१८) स्वतःला कलावंत म्हणवून घेण्यापेक्षा वृत्तछायाचित्रकार म्हणवून घेणे पसंत करीत. कोळी, हमाल आणि नावाडी यांची त्यांची कृष्णधवल छायाचित्रे पाहिली की हा मनुष्य त्यांच्यात रोज वावरणारा होता, हे ध्यानात येते. आठ दिवसांच्या प्रवाशाला ते जमणार नाही. पण आठ दिवसांत आठ ठिकाणे पाहण्याऐवजी एका पुलावर चार सकाळी जाणे आपल्या हातात आहे. चौथ्या सकाळी मला बसायला कोणीतरी बादली उलटी करून दिली होती.

एक अपयशही सांगते. काडिकोयच्या बोटीत एक वयस्क बाई खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या आणि पाण्यावरचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर हलत होता. मी छायाचित्र काढले. मग मला ते तसेच घेऊन उतरवेना, म्हणून त्यांना दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि ते पुसून टाकण्यास सांगितले. मी त्यांच्यासमोर पुसले. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा डोळे मिटले. ते छायाचित्र आजही मला जसेच्या तसे आठवते, आणि ते माझ्याकडे नाही याचे वाईटही वाटते. तरी पुसले नसते तर बरे झाले असते, असे कधी वाटले नाही.

छिद्र_आठ

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. जवळून काम करायचे तर कॅमेरा फोकस शोधत बसता कामा नये. फुल-फ्रेम (मोठ्या संवेदकाच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स, तिचे छिद्र एफ/८, आणि हाताने अडीच मीटरवर स्थिर केलेला फोकस इतके केले की साधारण १.७ मीटरपासून ४.९ मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. चालत्या माणसासाठी शटर १/२५० सेकंदाहून मंद नसावा. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) कॅमेऱ्यावर सोपवावा आणि सावलीतल्या गल्लीत तो ३२०० पर्यंत गेला तरी चिंता करू नये. अडीच मीटर म्हणजे किती, हे घरच्या बैठकीत आठवडाभर पावलांनी मोजून डोळ्यांत बसवावे.

पोटापाशी कॅमेरा धरून, भलतीकडे पाहत बटण दाबण्याची पद्धत काही जण शिकवतात. मी ती दोन वर्षे वापरली आणि सोडली, कारण त्यात चौकट आपण पाहिलेली नसते आणि पकडले गेल्यावर सांगण्यासारखे काही आपल्याजवळ नसते. आणखी एक गोष्ट सुचवतो: प्रत्येक वेळी चेहरा हवाच, हा आग्रह सोडून पाहावा. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे १९३२ चे पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागचे छायाचित्र आठवा. फळ्यांच्या कुंपणातील फटीला लेन्स लावून ते काढले होते. पाण्यावरून उडी घेणारा तो माणूस कोण हे त्यावरून सांगता येत नाही, तरी जवळजवळ शंभर वर्षे लोक ते पाहत आहेत.

नीराकाठ

मी छायाचित्रकार नाही. माझी आजी तेवीस वर्षे आळंदीहून पंढरपूरला पायी गेली आणि मी लहानपणी चार वेळा तिच्याबरोबर होते, त्या नात्याने लिहिते. आपण सगळे कॅमेऱ्याच्या मागून बोलत आहात. पुढून कसे वाटते तेही सांगावेसे वाटले.

दिवे घाटात पालखी चढताना दोन्ही बाजूंना छायाचित्रकार असतात. त्याचे कोणाला काही वाटत नाही. नाचणारा, फुगडी घालणारा वारकरी सगळ्यांसमोरच नाचत असतो. परंतु सकाळी अंधारात टँकरच्या आडोशाला, नदीकाठी, ओल्या लुगड्यात बायका असतात, तेव्हाही लेन्सा रोखलेल्या असतात. आजी तेव्हा काही बोलत नसे. ती आणि तिच्या दिंडीतल्या बायका एकमेकींभोवती लुगडी धरून उभ्या राहत. उघड्यावर असणे ही त्यांची अडचण होती, संमती नव्हती. परदेशात तुम्हाला रस्त्यावर झोपलेला, जेवणारा, न्हाणारा माणूस दिसेल तेव्हा कृपया हे आठवा.

दुसरी आठवण सासवडची. आजी झाडाखाली बसून तळपायांना तेल चोळत होती. एक तरुण छायाचित्रकार आला, तिच्या बाजूला मातीतच बसला, पायांना काय झाले म्हणून विचारू लागला. तिने त्याला दशमी दिली. त्याने दशमी खाल्ली आणि मग छायाचित्रे काढली. ती तेल चोळतच राहिली. जाताना त्याने आमचा पत्ता लिहून घेतला. असे पत्ते पुष्कळ जण घेत, आणि पुढे काही येत नसे. दिवाळीनंतर मात्र पाकीट आले. तिच्या भेगाळलेल्या पायांचे आणि बोटांचे ते छायाचित्र होते, चेहरा नव्हताच. आजी म्हणाली, ‘एवढ्या लांबनं आलंय तर देव्हाऱ्याशेजारी लावा.’ ते आजही तेथे आहे.

अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे काढलेले विस्थापित मातेचे छायाचित्र अर्ध्या जगाला ठाऊक आहे. त्यातील फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन यांचे नाव लँग यांनी विचारले नव्हते आणि ते जगाला कळले १९७८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी. तेव्हा त्या बाईंनी नाराजी बोलून दाखवली. त्या छायाचित्रातून त्यांना स्वतःला काही मिळाले नव्हते. हे वाचले तेव्हा मला देव्हाऱ्याशेजारची ती चौकट आठवली.

ओसाकाहून

नोव्हेंबरात जपानला येत आहात म्हणून काही गोष्टी सांगतो. येथे स्वतःच्या चेहऱ्यावरचा हक्क, ज्याला ‘शोझोकेन’ म्हणतात, एखाद्या स्वतंत्र कायद्यात लिहिलेला नाही. तो न्यायालयाच्या निकालांतून घडला आहे. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना छायाचित्र न काढले जाण्याचे स्वातंत्र्य मान्य केले, आणि २००५ च्या निकालात समाजात राहताना माणसाने सहन करावे अशा मर्यादेपलीकडे ते गेले की नाही, ही कसोटी घालून दिली. व्यवहारात मात्र लोकांच्या मनातली मर्यादा न्यायालयाच्या मर्यादेहून अलीकडे आहे. येथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोबाइल फोनचा शटरचा आवाज बंद करता येत नाही, यावरून काय ते समजावे. लोहमार्गावरील गाड्यांत समोरच्या प्रवाशाचे छायाचित्र अजिबात काढू नये.

क्योतोच्या गिओन भागात खासगी गल्ल्यांत छायाचित्रण केल्यास १०,००० येन आकारू, असे फलक २०१९ पासून आहेत, आणि २०२४ मध्ये काही गल्ल्या पर्यटकांसाठी बंदच करण्यात आल्या. संध्याकाळी कामावर निघालेल्या माइको (गेशा होण्याचे शिक्षण घेणाऱ्या) तरुणींची वाट अडवण्यापर्यंत, त्यांचे किमोनो ओढण्यापर्यंत प्रवाशांची मजल गेली होती. तेथे कॅमेरा पिशवीतच ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

याउलट १५ नोव्हेंबरच्या सुमारास ‘शिचि-गो-सान’ असते. तीन, पाच आणि सात वर्षांची मुले किमोनो घालून आईवडिलांबरोबर देवळात येतात. ‘सुमिमासेन, शाशिन ओ तोत्ते मो ई देस का’ (माफ करा, छायाचित्र काढले तर चालेल का) एवढे वाक्य पाठ करून आईवडिलांना विचारावे. मूल एकटे दिसले तरी विचारल्यावाचून काढू नये. होकार मिळाल्यावर वापरायला बरोबर एक इन्स्टॅक्स मिनी, म्हणजे छायाचित्र लगेच कागदावर देणारा छोटा कॅमेरा, ठेवा. मी आधी त्यावर एक काढून त्या कुटुंबाच्या हाती देतो. कागदावर चित्र उमटेपर्यंत मिनिट-दोन मिनिटे सगळे त्यावर वाकून पाहत राहतात, आणि ‘तिसरा_प्रहर’ यांनी सांगितलेले दुसरे मिनिट मला तेथे सापडते. एका पाकिटात दहाच कागद असतात, त्यामुळे कोणाला विचारायचे याचा विचारही नीट होतो.

सह्यवारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरे आम्ही दोघांनी दोनदा वाचली. ७०-२०० ची लेन्स या वेळी घरी ठेवण्याचे ठरवले आहे आणि ३५ मिलिमीटर लावून रोज सकाळी भाजी मंडईत जाऊ लागलो आहे. अडीच मीटर हे अंतर मला वाटत होते त्याहून फारच जवळ आहे.

‘नीराकाठ’ ताईंचे लिहिणे वाचल्यावर मी त्या तांबटाची छायाचित्रे पुन्हा उघडली. माझ्या परिचयाचे एक कुटुंब फेब्रुवारीत मोरोक्कोला जात आहे. त्यांच्याबरोबर एक प्रत पाठवावी असे मनात आहे. पण ज्याने पाठ फिरवली त्याच्या हाती अनोळखी माणसाकरवी त्याचेच छायाचित्र देणे, हा पुन्हा आगाऊपणा तर होणार नाही ना?

तिसरा_प्रहर

होऊ शकतो, पण मी पाठवीन. एकच प्रत न पाठवता त्याच बैठकीतील सातही-आठही पाठवा. पाठीमागे फ्रेंचमध्ये एवढेच लिहा की, आपल्याला न विचारता ही काढली, ती आपली आहेत, आणि नको असतील तर माझ्याकडचीही पुसून टाकीन. शेवटी आपला पत्ता लिहा. त्या चौकातले सगळे तांबट एकमेकांना ओळखत असणार, तेव्हा शोधणे अवघड जाऊ नये. आपल्या स्नेह्यांना मात्र सांगून ठेवा की पाकीट हातात देताना फोनचा कॅमेरा सुरू ठेवायचा नाही.